एबीएमध्ये पीएच.डी. करावी का? एक आलेख परत वर गेला, तेव्हापासून हाच विचार

आलेखवाली

नमस्कार. मोठं लिहिणार आहे, निवांत असाल तेव्हा वाचा.

मी बीसीबीए आहे, म्हणजे एबीएची (उपयोजित वर्तन विश्लेषण: वागण्यामागचं कारण शोधून नवं वागणं शिकवण्याचं शास्त्र) प्रमाणपत्र असलेली वर्तन विश्लेषक. सहावं वर्ष चालू आहे. आधी मास्टर्स, मग देखरेखीखालच्या कामाचे तास, मग परीक्षा, आणि तेव्हापासून रोज मुलांबरोबर काम. काम मनापासून आवडतं. ते सोडायचंय म्हणून हा प्रश्न नाही. पण गेले आठ-नऊ महिने एबीएमध्ये पीएच.डी. करावी हे डोक्यातून जात नाही. ज्यांना विचारलं त्यांनी एक तर "कर की, नावामागे डॉक्टर लागेल" म्हटलं, नाही तर "अडतिसाव्या वर्षी कशाला हा व्याप" म्हटलं. दोन्ही उत्तरं ऐकून मी होते तिथेच आहे.

हा विचार आला कुठून ते आधी सांगते, कारण माझा प्रश्न त्यातच आहे. (मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

सात वर्षांचा मुलगा. बोलत नव्हता. उजव्या हाताचा तळवा कानावर मारून घ्यायचा, इतका की कानाची वरची कड कायम लाल असायची. रीतसर फंक्शनल अनॅलिसिस केलं, म्हणजे मारण्यातून त्याला काय मिळतं याची चाचणी. त्याच्याकडे लक्ष देणं, त्याला काम सांगणं, एकटं ठेवून लांबून बघणं आणि नुसता खेळ, अशा चार परिस्थिती आळीपाळीने. आलेखात कामाची रेघ बाकी तिघींपासून स्वच्छ वेगळी, वर. कानावर मारलं की समोरचं काम थांबतं, हे तो शिकला होता. मग त्याला कार्ड द्यायला शिकवलं. उघड्या पंजाचं चित्र असलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड. ते हातात दिलं की काम बाजूला, तीस सेकंद सुट्टी. अकराव्या सत्रापर्यंत मारणं जवळजवळ शून्यावर आलं. त्यानंतर हळूहळू थांबायला शिकवलं: टेबलावर हिरवी पट्टी असली की कार्ड चालतं, लाल असली की जरा धीर धरायचा. त्यालाही तो सरावला. त्याची फाइल पुढच्या वर्गाकडे देताना मला झालेला आनंद अजून आठवतो.

वर्ग बदलला, आणि चौथ्या दिवशी मला फोन आला. मी जाऊन मागच्या बाकावर बसले. नव्या बाईंकडे फाइल पोचली होती, पण त्या कार्डाचा अर्थ काय हे त्यांना कुणी समोर बसून सांगितलं नव्हतं, आणि ते काम माझंच होतं. त्याने कार्ड बाईंच्या वहीजवळ सरकवलं. खेळातलं काहीतरी असेल असं समजून त्यांनी ते कडेला ठेवलं. त्याने उचलून पुन्हा सरकवलं. पुन्हा कडेला. तिसऱ्यांदा त्याने कार्ड त्यांच्या बोटांना टेकवून धरलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, तीन-चार सेकंद. मग कार्ड सोडलं आणि हात कानाकडे गेला. बाई घाबरून उठल्या, वही मिटली. काम थांबलं.

त्या रात्री आकडे भरले तेव्हा रेघ जिथून सुरू झाली होती तिथेच जाऊन टेकली होती. आम्ही कार्ड पुन्हा सुरू केलं, बाईंना शिकवलं, दोन आठवड्यांत सगळं पूर्ववत झालं. पण माझी झोप उडाली ती उडालीच. एखादं वागणं "गेलं" असं आपण रिपोर्टमध्ये लिहितो, ते इतके महिने होतं कुठे? आणि शिकवतानाच असं काही करता येईल का, की कार्ड एखाद्या दिवशी चाललं नाही तरी हात लगेच कानाकडे जाणार नाही?

तेव्हापासून मुलं झोपली की जर्नलं वाचत बसते. या परत येण्याला रिसर्जन्स म्हणतात, रिन्यूअल म्हणतात, उंदरांवर-कबुतरांवर कितीतरी प्रयोग झालेत, हे तेव्हा कळलं. मास्टर्सला याच्यावर अर्धं पान होतं. वाचलेल्यातलं निम्मं समजतं. गणित आलं की अडकते.

तर विचारायचं असं: एवढा एक प्रश्न पीएच.डी.ला पुरतो का? बीसीबीए-डी (डॉक्टरेट असलेली बीसीबीए) झाल्यावर रोजच्या कामात काय फरक पडतो? नोकरी सांभाळून ऑनलाइन करावी, की सगळं थांबवून पूर्ण वेळ प्रयोगशाळेत जावं? आणि ज्यांनी केलंय त्यांना पुन्हा विचारलं तर करतील का?

---

क्लिनिक_सांभाळणारी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, बाकीचं जाणकार सांगतील.

बीसीबीए-डी हे वेगळं प्रमाणपत्र नाही. तुमचं बीसीबीए चालूच राहतं, योग्य प्रकारची डॉक्टरेट दाखवली की त्याला "डी" जोडता येतो. वेगळी परीक्षा नाही आणि जास्तीचे अधिकारही नाहीत. जे काम बीसीबीए करू शकते तेच बीसीबीए-डी करते. आणखी एक गैरसमज मी फार वेळा ऐकते: एबीएमध्ये पीएच.डी. झाली की सायकॉलॉजिस्टचा परवाना मिळतो. तसं नाही. अमेरिकेत वर्तन विश्लेषकाचा परवाना वेगळा आणि सायकॉलॉजिस्टचा वेगळा, आणि तो राज्याराज्याचा मामला आहे. निदान करायचं असेल, मानसशास्त्रीय चाचण्या घ्यायच्या असतील, तर क्लिनिकल किंवा स्कूल सायकॉलॉजीतली डॉक्टरेट हा निराळा रस्ता आहे. अर्ज भरण्याआधी हे स्वतःशी पक्कं करा. चौथ्या वर्षी हे कळून रडलेली एक मैत्रीण मी बघितली आहे.

अमेरिकेबाहेर राहून वाचत असलेल्यांसाठी: २०२३ पासून बीएसीबी (बीसीबीएचं प्रमाणपत्र देणारी अमेरिकेतली संस्था) मोजके देश सोडले तर बाकी देशांत राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेत नाही. पीएच.डी.ला ही अट नाही. म्हणजे डॉक्टरेट आणि बीसीबीए या दोन गोष्टी एकमेकींत गुंतवून बघू नका.

डॉक्टरेट कुठे लागतेच? विद्यापीठात कायम प्राध्यापक म्हणून शिकवायला, स्वतःचे पीएच.डी.चे विद्यार्थी घ्यायला, संशोधनाचं अनुदान मिळवायला. माझ्या हाताखाली डॉक्टरेट झालेले तिघे आहेत. पगारात थोडा फरक आहे, फार नाही. पण आमच्याकडे एखादा आलेख कुणालाच उलगडत नाही तेव्हा सगळे त्यांच्या टेबलाशी जमतात, हे मी रोज बघते.

---

जुना_विद्यार्थी

आलेखवाली ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी एकेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला बसलो आणि सेहेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलो, त्यामुळे वयाचं मनातून काढून टाका. माझ्या बॅचमध्ये मी मोठा होतो, पण मुलांबरोबर दहा वर्षं काढलेला एकटाच होतो. लॅबच्या बैठकीत त्याचा उपयोग व्हायचा.

आता मुख्य मुद्दा. एवढा एक प्रश्न पुरतो का, असं तुम्ही विचारता. तो एक नाहीच, निदान तीन आहेत. तुम्हीच लिहिलेलं पुन्हा वाचा.

पहिलं: कार्ड चालेनासं झालं. नव्या वागण्याला मिळणारं फळ बंद झालं की जुनं वागणं डोकं वर काढतं, हा रिसर्जन्स. प्रयोगशाळेतलं त्याचं मूळ रूप असं: उंदराला एका दांडीवर अन्न मिळतं. मग त्या दांडीवर बंद करून दुसरीवर सुरू करायचं. तो पहिली सोडून दुसरी दाबायला लागतो. मग दुसरीवरही बंद करायचं. उंदीर पहिल्या दांडीकडे परत येतो, तिथे आता काहीच मिळत नसतानाही. तुमच्या मुलाने कार्ड तीनदा पुढे केलं आणि मग हात उचलला, ते हेच.

दुसरं: जागा आणि माणूस बदललं. फळ तसंच चालू ठेवलं आणि फक्त परिस्थिती बदलली तरी जुनं वागणं परत येऊ शकतं, हा रिन्यूअल. याच्या प्रकारांना अक्षरं दिलेली आहेत. ए या जागी शिकलं, बी या जागी सुटलं, पुन्हा ए मध्ये आलं की उफाळलं, तर तो एबीए रिन्यूअल. (आपल्या विषयाच्या नावाची अक्षरंही तीच. पहिल्या सत्रात माझा यात फार घोळ व्हायचा.) तुमचं शिकवणं जुन्याच वर्गात झालं असेल आणि मारणंही तिथेच सुरू झालं असेल, तर तुमचा प्रकार एएबी.

तिसरं: बाईंनी वही मिटली. म्हणजे पहिल्याच फटक्याला जुनं फळ पुन्हा मिळालं. चौथ्या दिवसापर्यंत असं किती वेळा झालं होतं कुणाला ठाऊक. तेव्हा रेघ वर गेली ती निव्वळ परत आली, की चार दिवसांत नव्याने शिकवली गेली?

हे तिन्ही तुमच्याकडे एकाच दिवशी घडलं. तुमच्या आलेखावरून यातलं कुणाचं किती, हे सांगता येत नाही. मलाही नाही, कुणालाच नाही. तिन्ही सुटे करून एकेक तपासायचे कसे, हे शिकणं म्हणजे पीएच.डी. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

गणिताचं म्हणाल तर शहान आणि क्रेग या संशोधकांनी २०१७ साली मांडलेलं "रिसर्जन्स ॲज चॉइस" हे गणिती प्रारूप बहुधा तुम्हाला अडवत असेल. त्याच्या तळाशी एक साधी कल्पना आहे: प्राणी दोन वागण्यांत निवड करत असतो, आणि कुठलं वागणं अलीकडे किती फळलं यावर त्याचा तोल ठरतो. ते सूत्र कुणीतरी शेजारी बसून फळ्यावर मांडून दाखवलं की एका दुपारी समजतं. एकटं वाचून महिना जातो.

यातूनच ऑनलाइनचं उत्तर निघतं. नोकरीसोबत करता येणारे अभ्यासक्रम आहेत, त्यातले काही चांगलेही आहेत. तुमचा प्रश्न "माझ्या केंद्रात कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कसं द्यावं" असा असता तर मी तेच सुचवलं असतं, कारण मग तुमची नोकरीच तुमची प्रयोगशाळा झाली असती. पण तुमच्या प्रश्नाचं एक पाऊल उंदीर-कबुतरांच्या खोलीत आहे आणि एक वर्गात. त्यासाठी मूलभूत आणि उपयोजित अशा दोन्ही बाजू जिथे एका छपराखाली आहेत तिथे जा. अमेरिकेत युटा स्टेट विद्यापीठात या परत येण्यावर बरंच काम झालंय. फ्लोरिडा, वेस्टर्न मिशिगन, नेवाडाचं रेनो, नेब्रास्काची मुन्रो-मेयर संस्था, ही नावं धुंडाळा. कॅन्सस तर या विषयाचं घरच. १९६८ साली उपयोजित वर्तन विश्लेषणाची सात लक्षणं मांडणारे बेअर, वुल्फ आणि रिझली तिथलेच. युरोपात गॉलवे आणि बेलफास्टची विद्यापीठं आहेत.

पण विद्यापीठाच्या नावावर जाऊ नका. गाइड बघा. पाच वर्षं तुमचा प्रत्येक परिच्छेद त्यांच्या हाताखालून जाणार आहे. त्यांचे गेल्या तीन-चार वर्षांतले लेख वाचा, पहिलं नाव विद्यार्थ्याचं असतं की त्यांचं ते बघा. मग त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी, गाइड हजर नसताना, बोला. त्यांना तीन गोष्टी विचारा: गेल्या पाच जणांपैकी किती जणांचं पूर्ण झालं आणि किती वर्षांत, लिहिलेलं तपासून किती दिवसांत परत येतं, आणि तुमचं-त्यांचं शेवटचं मतभेदाचं कारण काय होतं. तिसऱ्या प्रश्नाला "कधी मतभेद झालेच नाहीत" असं उत्तर आलं तर मी सावध होईन.

रोजचं आयुष्य कसं असतं तेही सांगतो. पहिली दोन वर्षं मुख्यतः कोर्स: प्रायोगिक विश्लेषण, मूलगामी वर्तनवादाचं तत्त्वज्ञान, भाषिक वर्तन, एकल-व्यक्ती रचना (एकेका व्यक्तीवर प्रयोग कसा आखायचा ते). मग मोठी सर्वसमावेशक परीक्षा, मग प्रस्ताव, नैतिक समितीची मंजुरी, प्रयोग, प्रबंध आणि तोंडी बचाव. बऱ्याच ठिकाणी आठवड्याला वीस तासांची असिस्टंटशिप मिळते, तिच्या बदल्यात शुल्कमाफी आणि स्टायपेंड. माझं उत्पन्न निम्म्याच्याही खाली आलं. उन्हाळ्याचे तीन महिने स्टायपेंड नसायचा, हे मला अर्ज करताना कळलं नव्हतं. ऑफरच्या पत्रात "बारा महिने की नऊ" हे बघा.

आणि एक प्रसंग, कारण पीएच.डी.ने मला काय दिलं असं कुणी विचारलं की मी हाच सांगतो.

माझ्या पहिल्या अभ्यासात मोजायचं वागणं होतं वस्तू फेकणं. मला वाटलं, फेकणं म्हणजे फेकणं, त्यात काय ठरवायचं. दोन निरीक्षक बसवले, एकाच व्हिडिओवर दोघांनी स्वतंत्र नोंद केली. एकमत ६२ टक्के. आमच्याकडे ८० च्या खाली असलं की पुढे जायचं नाही. गाइड ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि व्हिडिओ एकेक सेकंद पुढे नेत गेल्या. मुलगी टेबलावरचा ठोकळा मनगटाने कडेपर्यंत ढकलते, तो पडतो. एका निरीक्षकाने ते फेकणं धरलं होतं, दुसऱ्याने नाही. मग ती पेन्सिल सोडते, पेन्सिल गडगडत जाते. मग पुस्तक भिरकावते, पण ते तिच्याच पायाशी पडतं. आम्ही त्या दुपारी तीन तास फक्त एवढंच करत होतो. व्याख्या चार वेळा लिहिली. शेवटची अशी झाली: वस्तू हातातून सुटून किमान एक मीटर लांब पडणं, टेबलावरून ढकलून पाडलेली वस्तू वगळून. एकोणीस दिवस गेले. एकमत ९४ वर आलं. आणि मुख्य म्हणजे, ढकलणं वेगळं काढल्यावर दिसलं की ती कंटाळली की ढकलत होती, आणि कुणी तिच्याजवळची वस्तू उचलली की फेकत होती. दोन निराळी वागणी, दोन निराळी कारणं. आधीच्या सात महिन्यांच्या नोंदींत आम्ही ती एकाच रेघेत कोंबली होती, आणि तिला शिकवतही चुकीचंच होतो.

पुन्हा करेन का? हो. फक्त उन्हाळ्याची तजवीज आधी करेन.

---

आलेखवाली

दादा, तुमचं उत्तर वाचून मी फाइल पुन्हा काढली. शिकवणं जुन्याच वर्गात झालं होतं, म्हणजे एएबी. आणि पहिल्या तीन दिवसांत वही किती वेळा मिटली याची नोंद कुठेच नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे, माझ्या आलेखावरून काहीच सुटं होत नाही. इतके महिने मी त्याला "रिसर्जन्स" म्हणत होते.

एक शंका मनात फार दिवस आहे. हा विषय अभ्यासायचा म्हणजे शिकवलेलं मुद्दाम बंद पाडून जुनं परत येतं का ते बघायचं. कानावर मारून घेणाऱ्या मुलावर हे करायचं? त्या मागच्या बाकावर बसून जे बघितलं ते मी हाताने घडवून आणू शकणार नाही.

---

जुना_विद्यार्थी

ही शंका तुम्हाला येते हे चांगलं आहे, आणि नैतिक समितीही हेच विचारेल.

मारून घेण्यावर हे करायचंच असं नाही. पुष्कळ काम निरुपद्रवी वागण्यावर होतं: टॅबलेटवरची दोन बटणं, टेबलावरच्या दोन वस्तू, मोठ्या माणसांबरोबर कॉम्प्युटरवर. एक मुद्दाम शिकवायचं, दुसरं त्याच्या जागी आणायचं, मग बंद करायचं. कुणाला इजा नाही. मुलाच्या खऱ्या वागण्यावर काम करताना तपासणी मिनिटांची असते, थांबायचा आकडा आधी लिहून ठेवलेला असतो, आणि तो आला की प्रयोग तिथेच संपतो. शिवाय प्रयोगाच्या सगळ्या रचनांत उपचार मागे घ्यावे लागत नाहीत. मल्टिपल बेसलाइनमध्ये तीन मुलांना वेगवेगळ्या तारखांना सुरुवात करतात. ज्याची सुरुवात होते त्याचीच रेघ बदलते का, हे बघायचं. कुणाचंच शिकलेलं काढून घ्यावं लागत नाही.

आणि तुमच्याकडचा बदल तर कुणीही न घडवता होतोच. दर वर्षी मुलांचे वर्ग बदलतात, थेरपिस्ट नोकरी सोडतात. ते बदल येणार हे ठाऊक असताना आधीपासून नोंद ठेवणं, एवढ्यावरसुद्धा चांगला प्रबंध उभा राहील.

---

हलते_हात

मी इथे वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

मी ऑटिस्टिक आहे, एकतीस वर्षांची. लहानपणी तीन वर्षं माझी थेरपी झाली. माझे हात हलायचे, बोटं डोळ्यांसमोर हलवायला मला आवडायचं. ते थांबवलं. "शांत हात" म्हटलं की हात मांडीवर ठेवायचे आणि मग आवडीचं स्टिकर मिळायचं. ज्या बाई यायच्या त्या वाईट नव्हत्या, मला त्या आवडायच्या. पण बोटं हलवण्याने कुणाचंच काही बिघडत नव्हतं. ते मला शांत करायचं. ते गेलं आणि मी नखांभोवतीची कातडी सोलायला लागले. त्याची नोंद कुणी केली नाही, कारण मोजायचं ठरलं होतं ते हात हलणं, आणि ते शून्यावर आलं होतं. माझा आलेख सुंदर दिसत असणार.

माझे हात आता पुन्हा हलतात. तुमच्या भाषेत याला बहुतेक रिन्यूअल म्हणतील. मला ते परत मिळालं असं वाटतं.

आलेखवाली, तुम्ही कार्डाचं लिहिलंत तिथे मी वाचायची थांबले होते. त्याने ते बाईंच्या बोटांना टेकवून धरलं आणि तोंडाकडे बघत राहिला. तो नीट सांगत होता. तीनदा सांगितलं. तुमच्या अभ्यासात मुलाचा हात कानाकडे गेला हे मोजाल, पण त्याआधी त्याने किती वेळा सांगून बघितलं, आणि किती वेळ वाट बघितली, तेही मोजाल का?

---

क्लिनिक_सांभाळणारी

हलते_हात, लिहिलंत हे फार बरं केलंत. मी या क्षेत्रात आले तेव्हा मीही "शांत हात" शिकवलं आहे. आज आमच्याकडे ते कुठल्याही आराखड्यात बसत नाही, पण ज्यांना शिकवलं ती मुलं आता मोठी झाली आहेत आणि त्यांना हे सांगायला मी जाऊ शकत नाही.

वर्तन बदलण्याआधी ते बदलणं कुणाला हवंय आणि का, हे विचारायला हवं, असं वुल्फ यांनी १९७८ सालीच सोशल व्हॅलिडिटीच्या लेखात मांडलं होतं. २०२२ पासून लागू झालेल्या बीएसीबीच्या नीतिसंहितेत मुलाच्या स्वतःच्या होकाराचा उल्लेख आहे, पालकांच्या संमतीपेक्षा वेगळा. पण बोलता न येणारं मूल होकार कसा देतं आणि नकार कसा देतं, तो ओळखायचा कसा, मोजायचा कसा, यावर अजून पुष्कळ काम व्हायला हवं. आलेखवाली, हे अर्जात लिहा.

---

आलेखवाली

पंधरा दिवसांनी परत लिहिते आहे. उत्तर लगेच द्यायला जमलं नाही, कारण हलते_हात यांच्या प्रश्नानंतर मी त्या चौथ्या दिवसाचा व्हिडिओ पुन्हा लावला. परवानगी घेऊन वर्गात कॅमेरा ठेवला होता. तेव्हा मी फक्त फटके मोजले होते. या वेळी कार्ड मोजलं.

पस्तीस मिनिटांत त्याने कार्ड बावीस वेळा पुढे केलं. पहिल्या दहा मिनिटांत चौदा वेळा. प्रत्येक वेळी तोंडाकडे बघून, सरासरी तीन सेकंद. पुढे कार्ड विरळ होत गेलं आणि फटके वाढत गेले. दोन्ही रेघा एकाच कागदावर काढल्या तेव्हा त्या अठराव्या मिनिटाला एकमेकींना छेदून जातात. हे माझ्या लॅपटॉपमध्येच पडून होतं.

हलते_हात, उत्तर हो आहे. मोजेन. आणि तुमची हरकत नसेल तर व्याख्या लिहून झाली की तुम्हाला दाखवेन. काय सुटलं ते तुम्हाला माझ्याआधी दिसेल.

घरी बोलले. नवऱ्याने सगळ्यात आधी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचं विचारलं, म्हणजे दादांचं उत्तर त्याने माझ्याइतकंच नीट वाचलंय. दीड वर्षाची शिल्लक टाकायची आणि तोवर अर्जाची तयारी करायची, असं ठरलं. ऑनलाइनचा विचार सोडला आहे. तीन गाइडना पत्रं लिहिली. आधी त्यात माझा अनुभव, तास, प्रमाणपत्रं असं सगळं होतं. ते काढून टाकलं आणि पहिल्याच ओळीत लिहिलं: एका मुलाने बावीस वेळा सांगितलं आणि मग सांगणं सोडलं, यातला कुठला भाग रिसर्जन्सचा, कुठला नव्या वर्गाचा आणि कुठला मिटलेल्या वहीचा, हे मला वेगळं करायचं आहे.

दोघांची उत्तरं आली. एकांकडे पुढच्या वर्षी जागा नाही, पण त्यांनी वाचायला चार लेख पाठवले. दुसऱ्या बाईंनी कौतुकबिवतुक काही केलं नाही, थेट विचारलं: कार्ड "पुढे केलं" याची व्याख्या काय, दुसरा निरीक्षक कोण होता, आणि एकमत किती?

दुसरा निरीक्षक नव्हताच. काल एका सहकारी मैत्रिणीला आकडे न दाखवता व्हिडिओ दिला, आई-वडिलांना विचारून. तिची नोंद आली. तिने सतरा मोजलीत.

पाच कुठे गेली ते शोधतोय. आत्तापर्यंत तीन सापडली: त्याने कार्ड उचललं, बाईंकडे बघितलं, आणि न सरकवता परत ठेवलं. मी ती धरली होती, तिने नाही. धरावीत की नाही यावर आज दिवसभर आमचा वाद चालू आहे. जुना_विद्यार्थी दादा, तुमचं मत हवंय. हलते_हात, तुमचंही.